आभाळाचं टपाल : तारे तेवढेच आहेत का?

आधी चूक कबूल करते. गेल्या अंकात अगस्त्याचं अंतर ३१ प्रकाशवर्षं छापलं गेलं, हवं होतं ३१०. दोष छापखान्याचा नाही, शून्य मीच खाल्लं. साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवताना एकेका शून्यापायी ज्यांचे मार्क कापले, त्यांच्यातल्या सहा जणांनी आठवणीने फोन केले. कोणाचाही आवाज दुःखी नव्हता.

या महिन्याच्या टपालात काही पत्रं अशी निघाली, की लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत पण विचारतात एकच : वर दिसतं ते पहिल्यापासून असंच आहे का? म्हणून ग्रहणं आणि धूमकेतू पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

प्रश्न : मॅडम, आकाशगंगेत नवे तारे जन्मतात असं वाचलं. मग ती भरून का जात नाही? की जेवढे जन्मतात तेवढेच मरतात? (दहावीतली विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : तुझा प्रश्न वहीत सोडवण्यासारखा आहे, तर वही घे. आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान सुमारे ६,००० कोटी सूर्यांइतकं भरतं. डोकी मोजली तर तारे त्याहून जास्त, निदान १०,००० कोटी, कारण बहुतेक तारे सूर्यापेक्षा हलके असतात. आजच्या घडीला आपल्याकडे वर्षाला दीड-दोन सूर्यांइतक्या वायूचे नवे तारे होतात. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. वर्षाला पुरते दोन सूर्य धर, विश्वाच्या पहिल्या दिवसापासून धर, आणि गुणाकार कर. २,७६० कोटी. निम्माही हिशेब लागला नाही.

गुणाकार बरोबर आहे, गृहीत चुकलं आहे. ताऱ्यांचे जन्म नेहमी आजच्याच वेगाने होत आले, असं आपण न सांगता धरून चाललो. शिवाय मोठे तारे मरताना आपला बराचसा वायू परत टाकतात, म्हणजे आजवर जन्मलेलं एकूण वस्तुमान ६,००० कोटींच्याही वर असणार. खड्डा आणखी खोल. तो भरायचा तर कधीतरी इथे तारे आजच्या कितीतरी पट वेगाने जन्मत असले पाहिजेत.

हे ताडून पाहायची सोय आकाशातच आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची वस्ती. तिचा प्रकाश इथे पोचायला वेळ लागतो, म्हणून लांबची दीर्घिका म्हणजे जुना प्रकाश. जितकं लांब बघावं तितकं मागचं दिसतं. १९९५ च्या डिसेंबरात हबल दुर्बिणीने आकाशाच्या एका चिमुकल्या, रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस टक लावून पाहिलं आणि त्यात हजारो दीर्घिका निघाल्या. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ पिएरो मदाऊ आणि सहकाऱ्यांनी त्यावरून एक आलेख मांडला : कोणत्या काळी विश्वात तारे किती वेगाने जन्मत होते. तो नंतर अनेकांनी दुरुस्त केला, पण आज त्याचा आकार पक्का आहे. सुरुवातीला चढ, सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी शिखर, मग उतरण. आजचा वेग शिखराच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्या शिखराला खगोलशास्त्रज्ञ विश्वाची भर दुपार म्हणतात. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा, म्हणजे उन्हं कलल्यावर आलेला.

आता मरणाचं. जेवढे जन्मतात तेवढे मरत नाहीत. सूर्याच्या २० पट जड तारा कोटीभर वर्षांत संपतो. सूर्याला १,००० कोटी वर्षं मिळतात. आणि तांबडे बटू, म्हणजे सूर्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याचे किरकोळ तारे, मंद आचेवर लाख कोटी वर्षं आणि त्याहूनही जास्त तग धरतात. विश्वच मुळी १,३८० कोटी वर्षांचं आहे, त्यामुळे आजवर एकही तांबडा बटू म्हातारपणाने मेलेला नाही. एकही नाही! आकाशगंगेतले चारपैकी तीन तारे या जातीचे, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यातला एकसुद्धा दिसत नाही. घरातली मोठी भांडी वापरली जातात, झिजतात, मोडीत जातात. माळ्यावर टाकलेलं मात्र कधी खाली येत नाही. दीर्घिकेचा माळा असा भरत चालला आहे. तेवढ्यापुरती तुझी शंका खरी.

पण जागेची काळजी करू नकोस. सूर्य म्हणजे मोहरीचा दाणा समजून माझ्या साताऱ्याच्या ओट्यावर ठेवला, तर जवळचा शेजारी, मित्र तारा, कराडच्याही पुढे कुठेतरी पडलेला असेल.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. दीर्घिकांच्या फोटोत मधला भाग पिवळट आणि कडेचे हात निळसर दिसतात. हे रंग मागाहून भरतात का? (सोलापूर)

उत्तर : गडद करतात, भरत नाहीत. कॅमेरा फोटो काळापांढराच काढतो, पण वेगवेगळ्या फिल्टरमधून, आणि मग ते एकमेकांवर बसवतात. लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही शालूचा रंग खुलवता तसंच. शालू हिरवा की लाल, हे काही तुम्ही ठरवत नाही. (जेम्स वेब दुर्बीण डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते, तिथे मात्र रंग वाटून दिलेले असतात.)

निळं-पिवळं का, याची गोष्ट तुमच्याच धंद्यातली आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण होती, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी. खाली लॉस एंजलिसचे दिवे मालवलेले. वेधशाळेतली बरीच मंडळी युद्धकामाला गेलेली. मागे राहिला वॉल्टर बाडे, कारण तो जर्मन नागरिक, आणि शत्रूदेशाच्या माणसाला युद्धकामात घेणार कोण? अशा रीतीने सगळ्यात मोठी दुर्बीण आणि सगळ्यात काळोखी रात्र एकाच माणसाच्या वाट्याला आली. देवयानी दीर्घिकेच्या कडेचे तारे एडविन हबलने (दुर्बिणीला नाव ज्याचं, तो खगोलशास्त्रज्ञ) विसाच्या दशकातच सुटे करून दाखवले होते, पण मधला भाग म्हणजे नुसतं धुकं. बाडेने नेहमीच्या निळ्याला संवेदनशील प्लेटा सोडून तांबड्याला संवेदनशील प्लेटा घेतल्या, तासन्तास एक्स्पोजर दिलं, आणि धुकं फुटून तारे झाले. मधले सगळ्यात तेजस्वी तारे निळे नव्हते, तांबडे होते. १९४४ साली त्याने लिहिलं, की दीर्घिकांमध्ये ताऱ्यांच्या दोन वस्त्या असतात. त्याच वर्षी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही; माझ्या दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासायला मी तिथल्याच मंडळींकडून शिकले, म्हणून मला आपलं बरं वाटतं.

निळे तारे जड, तापट आणि अल्पायुषी असतात. निळं दिसलं की समजायचं, इथे पाळणा अजून हलतो आहे. पिवळं-तांबडं दिसलं की निळे केव्हाच संपले, नवे आले नाहीत, उरलेत ते वयस्क.

बाडेने वस्त्या दाखवल्या. त्यांचा वर्षावर्षांचा हिशेब मांडला तो बीट्रिस टिन्स्लीने, आणि तिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. जन्म इंग्लंडमधला, १९४१ चा, वाढली न्यूझीलंडमध्ये, नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेली. नवऱ्याची नोकरी डॅलसला, हिची पीएच.डी. तिथून ३०० किलोमीटरवर ऑस्टिनला. ये-जा करून ती पुरी केली. तेव्हा समजूत अशी होती, की मोठ्या लंबगोल दीर्घिका सगळ्या काळात सारख्याच तेजाच्या असतात. म्हणून त्यांचा दिवा धरून विश्वाचं प्रसरण मापायचं आणि त्याचं पुढे काय होणार ते सांगायचं. टिन्स्लीने जन्माचं आणि मृत्यूचं खातं उघडलं. कोणत्या वर्षी किती वस्तुमानाचे किती तारे जन्मले, त्यातला प्रत्येक कोणत्या वयात किती तेजस्वी आणि कोणत्या रंगाचा, कोण कधी गेला, जाताना किती वायू परत दिला. सगळ्यांची बेरीज म्हणजे दीर्घिकेचा प्रकाश. बेरीज म्हणाली, दीर्घिका तरुणपणी जास्त तेजस्वी असते. म्हणजे ज्या पट्टीने मोजत होते ती पट्टीच आखडत होती. त्या वेळच्या बड्या मंडळींना हे पचायला वेळ लागला. १९७८ साली ती येल विद्यापीठात खगोलशास्त्राची पहिली स्त्री प्राध्यापक झाली आणि १९८१ साली, चाळिशीत, कर्करोगाने गेली. आज दीर्घिकेच्या रंगावरून तिचं वय काढणारे सगळे प्रोग्राम तिच्याच वळणाने हिशेब करतात. मी जन्मभर वर्गात हबल शिकवला. टिन्स्लीचं नाव मला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर कळलं. याचा राग अजून गेलेला नाही.

प्रश्न : आर्द्रा कधी फुटणार? (पाच पत्रं, पाच गावं)

उत्तर : मृगातला हा म्हातारा तांबूस तारा फुटणार पुढच्या लाखभर वर्षांत. २०१९-२० मध्ये ती मंदावली ते तिने स्वतःच ओकलेल्या धुळीमुळे. आज रात्री फुटणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण जागरण करू नका.

प्रश्न : आमची सराफी पेढी आहे. सोनं ताऱ्यांत तयार होतं म्हणतात. मग जुन्या ताऱ्यांत सोनं जास्त असणार ना? जुनं ते सोनं! (नाशिक)

उत्तर : इथे म्हण खोटी पडते. जुन्या ताऱ्यांत सोनं कमी.

विश्वाची सुरुवात झाली त्या महास्फोटातून निघाला तो साधारण तीन भाग हायड्रोजन, एक भाग हेलियम, आणि नावाला लिथियम. बाकीची मूलद्रव्यं पुढे ताऱ्यांनी शिजवली. १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनी त्याची सविस्तर पाककृती लिहिली. तारा मरतो, शिजवलेलं वायूत मिसळतं, त्या वायूचा पुढचा तारा होतो, तो थोडा अधिक समृद्ध. विरजणासारखं चालतं हे, फक्त दर वेळी दही जास्त घट्ट.

एक सूचना : खगोलशास्त्रज्ञाला पेढीवर बसवू नका. हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यालाच ते धातू म्हणतात. ऑक्सिजन धातू, कार्बनही धातू. त्या भाषेत सूर्यात धातू दीड टक्क्याच्या आसपास. उन्हाळ्यात डोक्यावर येणारी नारिंगी स्वाती सूर्याहून बरीच वयस्क. तिच्यात लोखंड सूर्याच्या साधारण एक तृतीयांश.

तुम्ही सोन्याचा कस काढता, तसा ताऱ्याचा कस वर्णपटातून निघतो. त्यातही ऑक्सिजन आणि लोखंड यांचं प्रमाण बघतात. ऑक्सिजन देतात जड तारे, आणि ते लवकर मरतात, म्हणून तो रोखीने मिळतो. लोखंडाचा मोठा वाटा येतो श्वेत बटूंच्या, म्हणजे सूर्यासारखे तारे संपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांच्या, स्फोटातून, आणि ती उधारी फार उशिरा फिटते. ज्या ताऱ्यात ऑक्सिजन पुष्कळ पण लोखंड कमी, तो उधारी वसूल व्हायच्या आधीचा. जेम्स वेबने शोधलेल्या एका अतिदूरच्या दीर्घिकेत २०२५ साली ऑक्सिजन सापडला, आणि तिचा प्रकाश महास्फोटानंतर ३० कोटी वर्षं व्हायच्या आत निघालेला. म्हणजे तेवढ्यातही काही पिढ्या होऊन गेल्या होत्या. अगदी पहिले, बिनधातूचे तारे मात्र अजून खात्रीने कोणाच्या हाती लागलेले नाहीत.

तुमचं सोनं साध्या ताऱ्याच्या पोटात होत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे मेलेल्या जड ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांची, टक्कर टिपली गेली. तिच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं ताजी ताजी तयार झाल्याच्या खुणा होत्या. सोन्याचा मोठा वाटा असल्या टकरींतून येतो, असं आज मानतात. भाव का चढतो ते मात्र मला विचारू नका.

प्रश्न : आमचं रान खोडदच्या तबकड्यांना लागून आहे. लहानपणापासून त्या हलताना बघतोय. बाहेरचे लोक येतात, फोटो काढतात. पण त्यातून कळलं काय, हे आम्हाला कोणी नीट सांगत नाही. (शेतकरी, नारायणगावजवळ)

उत्तर : खरं आहे. एका विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीला, मी मुलांची बस घेऊन खोडदला आले होते. या सगळ्या मिळून एक मोठी रेडिओ दुर्बीण होते. तबकड्या तीस, प्रत्येकी ४५ मीटर रुंद. चौदा मध्ये दाटीने, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर लांबलांब. मुलांनी सगळ्यात जास्त फोटो टोमॅटोच्या क्रेटबरोबर काढले. म्हणून टोमॅटोनेच सांगते.

तारे हायड्रोजनचे होतात, आणि मोकळा हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. ती इतकी क्षीण, की जवळच्या दीर्घिकांच्या पलीकडचं ऐकू येणं मुश्किल. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी २०२० साली याच तबकड्यांवर एक युक्ती केली. ट्रकच्या वजनकाट्यावर एक टोमॅटो ठेवला तर आकडा हलतो का? नाही. पण ७,६५३ टोमॅटो चढवा, वजन घ्या आणि ७,६५३ ने भागा. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. सुटी एकही दीर्घिका ऐकू आलेली नव्हती. सरासरी मात्र स्पष्ट आली. आणि ही सरासरी ८०० कोटी वर्षांपूर्वीची. इतक्या मागच्या काळातला हा वायू त्याआधी कोणी असा तोलला नव्हता.

वजन काय निघालं? वायू भरपूर होता. पण तेव्हा तारे ज्या वेगाने जन्मत होते, त्या वेगाने तो १०० ते २०० कोटी वर्षांतच संपणार होता. दीर्घिकांच्या आयुष्यात हे काहीच नाही. तुमच्या भाषेत, विहीर तुडुंब, पण उपसा दहा एचपीच्या पंपाचा आणि झरा बारीक. बाहेरून वायू तितक्याच जोराने येत राहिला नाही, म्हणून जन्म मंदावले. चिपळूणच्या मुलीच्या आलेखातली उतरण का, याचं मोठं कारण तुमच्या बांधापलीकडे सापडलं. इतरही कारणं आहेत : मधली कृष्णविवरं वायू तापवून निवू देत नाहीत, आणि दाटीवाटीच्या दीर्घिकासमूहात शिरलेल्या दीर्घिकेचा वायू ओरबाडला जातो. पण वायूच नसेल तर बाकीचं बोलून उपयोग नाही.

त्याच केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ साली जेम्स वेबच्या चित्रांत एक नीटस सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची, आणि वर्षाला ६० सूर्यांच्या आसपास तारे घडवणारी. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, म्हणून हिचं नाव ठेवलं अलकनंदा. पहिल्या उत्तरात मी म्हटलं ना, कधीतरी वेग कितीतरी पट जास्त असला पाहिजे? तो असा दिसतो.

प्रश्न : माझ्याकडे दुर्बीण नाही, आता घेणंही होणार नाही. यातलं काही नुसत्या डोळ्यांनी दिसेल का? (निवृत्त परिचारिका, कुडाळ)

उत्तर : जानेवारीत अमावास्येच्या आसपास रात्री नऊला अंगणात या. डोक्याजवळ कृत्तिकांचा झुबका दिसेल : वय दहा कोटी वर्षांच्या आसपास, सगळ्या एकाच वायूतून एकदम जन्मलेल्या. त्याच्या पूर्वेला तांबूस रोहिणी : सूर्यासारखाच तारा, म्हातारपणी सूर्याच्या चाळीसपटीहून जास्त फुगलेला. मग मृग. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली एक धुरकट ठिपका आहे. तिथे दहा-वीस लाख वर्षांची पोरं अजून वायूच्या दुलईत आहेत. वरच्या बाजूला आर्द्रा, वय साधारण कोटीभर वर्षं, आणि आत्ताच मरणाच्या दारात. तुमच्या पूर्वेला सह्याद्रीचा जो काळा कातळ आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे कृत्तिका कातळाहून थोरल्या आणि आर्द्रा धाकटी.

मृगाच्या खाली डावीकडे व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तो एकटा नाही. त्याला एक जोडीदार आहे, पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेत बटू. मुळात हा जोडीदारच दोघांतला जड होता, सूर्याच्या पाचपट. म्हणून आधी संपला. चार भाग वायू आकाशगंगेला परत देऊन आता सूर्याएवढ्या वजनाचा निखारा उरला आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण वाईट वाटून घेऊ नका. व्याधाच्या झळाळीत मला माझ्या सहा इंचीतूनही तो अजून एकदाही दिसलेला नाही. अकरा हिवाळे झाले, बघतेच आहे.